तिसरा दिवा

उणे अठ्ठावीस. गाडीचं दार
तिसऱ्या हिसक्याला उघडलं.
कॅनोरापासून चाळीस किलोमीटर, शेवटच्या खांबावरून
तांब्याची जोडतार ओरिसिया मेल्निचुकच्या भिंतीत शिरते.
त्यापुढे कंपनीची जबाबदारी नाही,
असं माझ्या कागदावर छापलंय.
तरी बूट काढून आत गेलो.

तक्रार: मुलाला गोठा दिसत नाही.
मुलगा दानिलो, उत्तरेला हिऱ्यांच्या खाणीत,
तीन आठवडे तिकडे, तीन इकडे.
गोठ्यात कॅमेरा, दोन गाई दिवस भरत आलेल्या,
आणि हिचे गुडघे
रात्री दोनला बर्फ तुडवायला राजी नाहीत.

घरात दोन राउटर. एक मुलाने आणलेला, नवा.
दुसरा आमचाच मोडेम, स्वतःला राउटर समजणारा.
दोघेही पत्ते वाटतात, दोघेही दार लावून घेतात.
बाहेरून आलेल्याला पहिल्याच दारात अडवतात,
कोण पाहिजे? असं इथे कुणी राहत नाही.
"मग एकाला गप्प बसवा," ती म्हणाली.

तेच करायचं होतं.
मोडेमच्या पानावर, खालून तिसरा पर्याय: ब्रिज.
वायफाय बंद. पत्ते वाटणं बंद.
युजरनेम, पासवर्ड त्याच्याकडून काढून नव्याला दिले.
पासवर्ड वारेनिकीच्या कृतीमागे पेन्सिलीने लिहिलेला;
ते शून्य होतं की ओ, यात पंधरा मिनिटं गेली.

"आता हा काय करणार?"
काही नाही. तिकडचं इकडे, इकडचं तिकडे.
"म्हणजे मी," ती म्हणाली, आणि कॉफी ओतली.

सव्वीस वर्षं यॉर्कटनच्या कोर्टात दुभाषी.
नियम एकच: 'तो म्हणतो' असं म्हणायचं नाही.
तो मी म्हणाला, की आपणही मी.
"सकाळी मी शेजाऱ्याचं कोठार जाळलं,
जेवणानंतर मला नवरा नकोसा झाला,
चारच्या आत दोन्ही नाकबूल.
घरी आल्यावर माझा नवरा विचारायचा, आज काय झालं?
मी बटाटे सोलत बसायचे."

मोडेम पुन्हा उठला. पहिला दिवा, वीज: हिरवा.
दुसरा, लाइन: लुकलुकला, थांबला, स्थिरावला.
तिसरा, इंटरनेट: काळा.
"बिघडला."
नाही, आता असाच राहणार. आलंय सगळं,
पण याच्या अंगावरून पुढे जातं, याला पत्ता नाही.
चष्मा कपाळावर सरकवून
ती त्या काळ्या ठिपक्याकडे बराच वेळ बघत राहिली.
"याला सांगायचं कुणी?"

तेवढ्यात फोन. दानिलो, युक्रेनियनमध्ये, ओरडत.
गोठा दिसतोय. लाल गाय आडवी झालीय.
एकच खूर बाहेर आलंय.

कंपनीच्या कोटाची बाही मी खांद्यापर्यंत वर केली.
ती फाटकाला रेलून, फोन कानाशी.
"ओढू नको," ती म्हणाली, म्हणजे तो म्हणाला.
"दुसरा पाय आत दुमडलाय. मला तो दिसत नाही,
तुझ्या बोटांना लागेल. गुडघा. खूर तळहातात धर,
नाहीतर मी तिला फाडीन."
मी कुणाला फाडणार होतो, कोण कुणाला सांगत होतं,
विचार करायला वेळ नव्हता.
आत इतकं गरम होतं,
की बाहेर उरलेला हात दुसऱ्याचा वाटला.

मग एकदम सगळंच आलं,
गवतावर, वाफाळत, नाकपुड्या फुरफुरत.
गाय वळून चाटू लागली.

फाटकाशी ती अजून बोलत होती,
हळू, न थांबता, त्याच भाषेत.
मी हात पुसत विचारलं, काय म्हणतोय?
"कोण?" ती म्हणाली.
"तो केव्हाच शिफ्टवर गेला."